खिल्लार शिवेवर अडवा

प्रिय मैने,

अनेक दंडवत. लेकरांच्या तोंडावरून माझा हात फिरव. तुमची खुशाली विचारायला हवी, पण उत्तर येईपर्यंत थांबायला मला सवड नाही, म्हणून आधी कामाचं सांगते. आमच्या गोठ्यात बुळकांडी, ढोरांचा तो जीवघेणा साथीचा रोग, शिरली आहे. हे वाचताना तव्यावरची भाकर करपली तर करपू दे, पण कागद खाली ठेवू नकोस. मी उगीच घाबरवणाऱ्यातली नाही, हे तुला ठाऊक आहे. घाबरट तू होतीस. माहेरी रिद्धपुरात साधी पाल अंगावर पडली तर सगळी आळी गोळा करायचीस. पण आज मी घाबरले आहे आणि तूही घाबरावंस असं मला वाटतं. तुझं घर बैलांवर उभं आहे. वेचलेला कापूस बंडीत घालून अकोल्याला नेणार ते बैल, आणि मृग लागला की वखर ओढणार तेही बैलच. दावण रिकामी झाली तर कापसाला कितीही भाव असला तरी तुम्ही हात चोळत बसाल, आणि तुम्हीच नव्हे, सगळं गाव बसेल. म्हणून हे पत्र आधी एकटीनं शेवटपर्यंत वाच, आणि मग तुझ्या यजमानांना, रामरावांना, वाचून दाखव. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस. इथे वारा फार आहे, कागद गुडघ्याखाली दाबून लिहिते आहे.

तू आमचा गोठा पाहिलेला नाहीस. 'अक्का गवळ्याकडे कामाला आहे' असं तू लोकांना सांगतेस आणि मला ते ऐकून दरवेळी राग येतो. हा दोन म्हशींचा गोठा नव्हे बाई. परतवाड्याच्या छावणीच्या खालच्या अंगाला खुशालराव देशमुखांच्या म्हशी दावणीला लागल्या की या टोकाला उभं राहून मारलेली हाक त्या टोकाच्या गड्याला ऐकू येत नाही. धारा काढणाऱ्या बायका वेगळ्या, शेण भरणाऱ्या वेगळ्या, वैरणीचं कुटार आणि सरकी पाहणारे गडी वेगळे. ऊन चढायच्या आत दूध छावणीत पोचतं, उरलेल्याचं दही लागतं, लोणी निघतं, तूप कढतं. आणि त्या सगळ्या दुधावर देखरेख कोणाची, तर तुझ्या अक्काची. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं, तेव्हा दुर्गाबाईनं मला इथे आणलं होतं. दुर्गाबाई गवळ्याची लेक, गोठ्यातली सगळ्यात जुनी धारकरीण. मूठ कशी वळवायची, अंगठा आत का घ्यायचा नाही, लाथाडणाऱ्या म्हशीच्या कोणत्या बाजूला बसायचं, हे सगळं तिनं शिकवलं. पहिल्या महिन्यात माझी बोटं इतकी सुजली होती की तिनंच मला घास भरवला. पुढे खुशालरावांनी मला दूधघरात नेमलं तेव्हा तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण तीच सगळ्यांना साखर वाटत फिरली.

खुशालराव वाईट माणूस नाहीत, हे मला आधी लिहून टाकू दे, नाहीतर पुढचं वाचून तू बोटं मोडशील. दिवाळीला गड्यांच्या आधी ते स्वतः नवं धोतर नेसत नाहीत. पण मैने, या कापसानं भल्याभल्यांची डोकी फिरवली. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून आपल्या काळ्या मातीला हे दिवस आले, असं आमचे कारभारी चिंतामणपंत सांगतात. ते अमरावतीचे, तिथल्या पेठेत लोक बंडीच्या चाकांना रुप्याच्या पट्ट्या ठोकताहेत असंही सांगतात. खरं-खोटं देव जाणे. आमच्याकडे एवढं झालं की खुशालरावांनी कुरण नांगरलं. ज्या गवतात म्हशी दिवसभर चरायच्या, तिथे आता कापसाची पऱ्हाटी उभी आहे. म्हशी खुंट्याला बांधून सरकीवर पोसायच्या आणि गोठ्यातले बैल कापूस वाहायला भाड्यानं लावायचे, असा नवा कारभार सुरू झाला. बैल अमरावतीला, अकोल्याला खेपा करू लागले. तिथे कापसाच्या बाजाराबाहेर मुलूखभरचे बैल एकाच डोणीवर पाणी पितात. दुर्गाबाई तेव्हाच म्हणाली होती की कोणाचं काय घेऊन येतील त्याचा नेम नाही. आम्ही सगळ्यांनी तिची थट्टा केली.

माघात अकोल्याची खेप परत आली आणि त्यातला एक बैल रवंथ करीना. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, तोंडाला लाळेची तार. गड्यानं जबडा उघडला तर हिरड्यांवर कोंडा चिकटावा तसे फोड दिसले. मग हगवण लागली. त्या हगवणीचा वास दुर्गाबाईनं लहानपणी घेतला होता. तिच्या बापाचा सगळा कळप त्यात गेला होता. रोगाचं नाव पहिल्यांदा तिनंच घेतलं. तो बैल गेला, मग त्याचा जोडीदार गेला, मग पलीकडच्या खुंट्याचा. मेलेलं ढोर ओढून नेण्याचा ज्यांचा हक्क, त्यांना बोलावणं गेलं नाही. ते आले असते तर कातडं घेऊन गावात गेले असते, आणि गावाला कळलं असतं. म्हणून आमच्याच गड्यांना पऱ्हाटीत खड्डे खणायला लावले. एवढ्या वर्षांत गोठ्यातलं ढोर असं चोरासारखं पुरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. गडी खाली मान घालून माती लोटत होते, कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

त्याच दिवशी खुशालरावांनी आम्हा सगळ्यांना दूधघरापुढे गोळा केलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "कोणाच्या तोंडून बुळकांडी हा शब्द निंगाला, तर सांजच्याले त्याचं बिऱ्हाड सडकेवर राहीन." छावणीत कळलं तर दूध बंद, बाजारात कळलं तर बैलांचं भाडं बंद, आणि मग गोठा कशाचा आणि आमची भाकर कशाची, हे प्रत्येकाला समजत होतं. तेवढ्यात दुर्गाबाई पुढे झाली. कमरेला हात नाही, डोळ्यांत पाणी नाही. म्हणाली, "ढोर मुकं हाये, मालक. आमाले कावून मुकं करून राहिले?" शीव बंद करून गाव बांधून घ्या, बैल रस्त्यावर सोडू नका, आजूबाजूला सांगा, एवढंच तिचं म्हणणं. खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दिवस मावळायच्या आत तिचं गाठोडं आवाराबाहेर होतं. ज्या बाईनं त्यांच्या म्हशींची तीन पिढ्यांची वेतं केली, ती उन्हानं तापलेल्या सडकेनं एकटी मेळघाटाकडे चालत गेली. मी दूधघराच्या दारात उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. माझं पुढे काय होणार, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात होता. मला माहेर उरलेलं नाही, सासर तर नाहीच, आणि तुझ्या घरी येऊन तुझ्या सासूच्या डोळ्यांत खुपायचं मला नको होतं.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. धार काढताना मी आधी म्हशीचे डोळे बघायची, मग कासेला हात लावायची. रोज दूध मोजून घेताना कालच्या मापाशी ताडून बघायची, कारण रोग दिसायच्या आधी दूध आटतं, हे गोठ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हशींची दावण बैलांपासून लांब आहे, पण पाण्याची डोण एकच, आणि गडीही तेच. मी चिंतामणपंतांना म्हटलं, निदान डोण तरी वेगळी करा. त्यांनी केली, हेही लिहिलं पाहिजे. पण तोवर दोन्हीकडची ढोरं त्या डोणीत तोंड घालून गेली होती. माझी चंद्री त्यातच. तुला मी मागे लिहिलं होतं, कपाळावर पांढरा टिळा असलेली, पहिल्या वेतात पारडू गेलं तिचं. तेव्हा गड्यांनी रीतीप्रमाणे पारडाच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढे उभं केलं होतं, की ते चाटून पान्हा सोडील. मुक्या जिवाला फसवू नये ही आपल्या घरची शिकवण तुला माहीत आहे, मला ते सोंग बघवेना. मी ते बाजूला सारलं आणि तिच्या कुशीला डोकं टेकवून बसले, तशीच बसून राहिले. कितीतरी वेळानं तिनं पान्हा सोडला. त्यानंतर ती दुसऱ्या कोणाला सडाला हात लावू देत नाही. पुढे तिचं पाहून आणखी काही म्हशींना माझीच सवय लागली. मला त्याचा किती तोरा होता, काय सांगू. दुर्गाबाई म्हणायची, वच्छले, म्हशीला अशी एका हाताची करू नको, घोटाळा होतो.

मग फाल्गुन लागता लागता गोठ्यात कुजबूज सुरू झाली की म्हशी विकायच्या. सगळ्या नव्हे, निवडक, भरल्या कासेच्या. अकोल्याकडे आगगाडीच्या रुळांचं काम चाललंय, तिथे माणसांची जत्रा जमली आहे, दुधाला तोटा आहे, आणि कापसाच्या पैशानं लोकांचे खिसे गरम आहेत. म्हशींत रोग दिसायच्या आत त्यांचा कळप करून ते खिल्लार तिकडे हाकायचं, हा बेत. मी चिंतामणपंतांना आडून विचारलं तर म्हणाले, "वच्छलाबाई, म्हशी आज धडधाकट आहेत, उद्याचं मला विचारू नका." बोलताना ते माझ्याकडे न बघता पागोटं सारखं करत होते. तेव्हा मी पदर खोचला आणि थेट खुशालरावांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मालक, रोग पोटात असतो आणि नंतर अंगावर येतो, ही ढोरं मुलूखभर फिरवू नका, लोकांचे बैल मरतील. वाटलं होतं, माझंही गाठोडं बाहेर पडणार. पण ते रागावले नाहीत. बसल्या जागी म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, "तुले काय वाटते, मले सुख लागून राहिलं? कुरण मोडलं, बैल चाल्ले. आता म्हशीबी गेल्या तं मी काय खाऊ, अन् तुमाले काय चारू?" मी पदरानं डोळे पुसले तेव्हा माझी समजूत घालावी तसं वर म्हणाले, "अन् तू कावून रडून राहिली? खिल्लार तं तुह्या बहिणीच्याच वावरात बसन."

मैने, तुमच्याच वावरात! पौषात रामराव परतवाड्याला आले होते ते तुला आठवत असेल, उन्हाळ्यात काही म्हशी अकोल्याकडे दुधाच्या धंद्याला न्यायचं बोलणं तेव्हा चालू होतं. कापसानं जमीन कस सोडते, शेणखत मिळत नाही, म्हणून तुमचं खिल्लार अकोल्याकडे निघालं की वाटेत आमच्या वावरात चार मुक्काम बसवा, शेणमुताच्या बदल्यात कडबा-पाणी आमच्याकडून, असं त्यांनीच खुशालरावांशी ठरवलं होतं. तूही मला किती हौसेनं लिहिलं होतंस, की विहिरीजवळचं वावर त्यासाठी मोकळं ठेवलंय. तुमच्याकडे धनगरांची मेंढरं बसवतात तशा म्हशी बसवायच्या, त्यात कोणाला काय वावगं दिसणार? त्या वेळी रोगाचं नावही नव्हतं. पण आता विचार कर. तुमच्याच विहिरीच्या डोणीत त्या पाणी पिणार, तुमच्याच बांधावर लाळ गाळणार, आणि सकाळी रामरावांचे बैल त्याच वाटेनं वखराला जाणार. तुमच्या विहिरीवर सगळ्या गावाची ढोरं येतात असं तूच लिहितेस. रामरावांनी चांगल्या मनानं दिलेलं आवतण आहे ते, आणि दिलेल्या शब्दाला ते जागतात, ह्याचीच मला भीती वाटते. खिल्लार शिवेवर दिसलं की ते स्वतः पुढे होऊन वाट दाखवतील.

तेव्हा रामरावांना सांग की हा शब्द मोडा. पाटील म्हणून तुम्हाला जे करता येईल ते आजच करा. गाव बांधा. मी आपल्या पंथाची, एका परमेश्वरापलीकडे कोणाला न मानणारी, मरीमाईपुढे मी कधी हात जोडले नाहीत आणि आजही जोडणार नाही. आपली आई गाव बांधायच्या दिवशी दार लावून नामस्मरण करत बसायची. पण गाव बांधतात तेव्हा नुसती पूजा होत नाही, शिवेवर माणसं बसतात, ढोर बाहेर जात नाही, ढोर आत येत नाही, दूध गावाबाहेर जात नाही, हे मला इथे राहून कळलं. पूजा करायची ती करोत, न करोत, पण शीव बंद करा. खिल्लाराला पूर्णेच्या पात्रात उतरू देऊ नका, खालच्या गावांची ढोरं तेच पाणी पितात. अलीकडच्या अंगाला जो खडकाळ माळ आहे असं तू लिहितेस, तिथे थांबवा. आणि परत पाठवू नका. परत पाठवलंत तर चिंतामणपंत त्यांना दुसऱ्या वाटेनं अकोल्याला नेतील आणि वाटेतल्या गावांना काही कळणार नाही. मुकी जनावरं आहेत, त्यांचा काय दोष, म्हणून त्यांच्यासाठी कडबा आणि पाण्याचे रांजण माळाच्या कडेला ठेवा. रांजण परत आणू नका. जी जगतील ती जगतील, बाकीची तिथेच राहतील. गावातल्या कोणी तिकडे फिरकायचं नाही, आणि पुढच्या गावांना पायी माणूस पाठवून सांगायचं. चिंतामणपंत बोलण्यात गोड आहेत, म्हशींच्या भरल्या कासा दाखवतील. रामरावांनी कासा बघू नयेत, हे वाचावं. खुशालरावांचं नाव घेऊन सांगा, माझं नाव घेऊन सांगा, मी आता कोणाला भिणार नाही. गोठ्यातली माझी जागा गेली ती गेली.

हे पत्र घेऊन येणारी तपस्विनी रिद्धपूरची आहे, आपल्या आईला ओळखत होती. मी मुद्दाम कापसाच्या बंडीबरोबर पत्र दिलं नाही. बंडीला बैल असतात. ती पायी येईल, ढोरांच्या वाटेनं न येता बांधाबांधानं येईल, आणि तुमच्या गावात शिरायच्या आधी अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ करील, तसं तिनं कबूल केलंय. अंजनगावच्या पाटलालाही ती सांगून येणार आहे, पण भिक्षा मागणाऱ्या बाईचं तो किती ऐकेल कोण जाणे. तिला पोटभर जेवू घाल.

आता शेवटचं, आणि हे रामरावांना वाचून दाखवलं नाहीस तरी चालेल. खिल्लार निघालं आहे, मैने, आणि त्याच्याबरोबर मीही आहे. अंजनगावच्या अलीकडे दुपारच्या विसाव्याला बसून हे लिहिते आहे, म्हशी बाभळीखाली उभ्या आहेत आणि चिंतामणपंत घोंगडीवर पडले आहेत. म्हशी माझ्याशिवाय पान्हा सोडत नाहीत आणि गिऱ्हाइकापुढे चरवी भरून दाखवायची आहे, म्हणून मला बरोबर घेतलं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तशाच नेल्या असत्या, आणि तुला सांगायला कोणी उरलं नसतं. आज सकाळी चंद्रीच्या कुशीला डोकं टेकवून बसले, पण तिनं पान्हा दिला नाही. डोळ्यांखाली ओल आहे, रवंथ बंद आहे. चिंतामणपंतांना मी सांगितलं की म्हशी चालून शिणल्या आहेत, अर्ध्या दिवसापेक्षा जास्त चालवाल तर दूध आटेल, आणि ते त्यांनी मानलं. तेवढ्यानं पत्र आमच्या पुढे राहील. खिल्लार माळावर अडवलं की मी त्यांच्याजवळच राहणार, चंद्रीला सोडून मला कुठे जाववणार नाही. पण तुझं लग्न झाल्यापासून मी तुला पाहिलेलं नाही, तुझी लेकरं पाहिलेली नाहीत. या खिल्लाराच्या निमित्तानं तुझ्या घरी राहायचं, तुझ्या हातची भाकर खायची, तुझ्याशी भांडायचं, असं मी पौषापासून मनात धरून होते. मी स्वतःला ओळखते. माळावरून तुमच्या घरांचा धूर दिसला की मला राहवणार नाही, मी शिवेपर्यंत येईन आणि तुला हाका मारीन. माझ्या पायांना, लुगड्याला, हातांना सगळीकडे तो गोठा लागलेला आहे, आणि तू बाहेर आलीस तर मी तुला जवळ घेतल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा मैने, तू दार लावून घे, लेकरांना आत घे, आणि मी कितीही हाका मारल्या तरी ओ देऊ नकोस.

तुझीच,
वच्छला अक्का